सिग्नल : गुप्ततेत अव्वल, पोहोचवण्यात मात्र परावलंबी

संदेश पाठवणाऱ्या अ‍ॅपचे परीक्षण बहुधा स्टिकर किती आहेत, व्हिडिओ कॉल कसा दिसतो आणि ग्रुपमध्ये किती माणसे मावतात या अंगाने लिहिले जाते. सिग्नलचे परीक्षण त्या अंगाने करणे अन्यायाचे होईल, कारण ते एका वेगळ्याच गृहीतकावर उभारलेले आहे. आपल्या फोनपासून समोरच्या माणसाच्या फोनपर्यंतचा सगळा रस्ता शत्रूच्या ताब्यात आहे, असे ते धरून चालते. कॅफेतला वायफाय राउटर, इंटरनेट पुरवणारी कंपनी, मधल्या केबली आणि सरकारी यंत्रणा यांच्याबरोबरच खुद्द सिग्नलचा स्वतःचा सर्व्हरही या संशयितांच्या यादीत असतो. असा शत्रू तीन गोष्टी करू शकतो: तो चोरून वाचू शकतो, दुसऱ्याचे सोंग घेऊन मध्ये बसू शकतो, आणि संदेश अडवू, लांबवू किंवा गिळून टाकू शकतो. पहिल्या धोक्याविरुद्ध याहून भक्कम आणि तरीही फुकट मिळणारे साधन मला माहीत नाही. दुसऱ्याविरुद्धही ते भक्कम आहे, पण वापरणाऱ्याने थोडे कष्ट घेतले तरच. तिसऱ्याविरुद्ध मात्र ते बरेचसे हतबल आहे, आणि ‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थ ‘हमखास पोहोचणारे’ असा करून घेणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

अ‍ॅपचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. मॉक्सी मार्लिनस्पाइक या संगणकतज्ज्ञाच्या कंपनीने २०१० मध्ये अँड्रॉइडसाठी टेक्स्टसिक्युअर आणि रेडफोन ही दोन अ‍ॅप काढली. एक एसएमएससाठी, दुसरे कॉलसाठी. २०१४ मध्ये आयफोनवर सिग्नल आले आणि २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइडवरील ती दोन अ‍ॅप एकत्र होऊन तेथेही सिग्नल झाले. व्हॉट्सअ‍ॅपचा सहसंस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन याने फेसबुक सोडल्यानंतर ५ कोटी डॉलर घातले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सिग्नल फाउंडेशन ही ना-नफा संस्था उभी राहिली. सप्टेंबर २०२२ पासून मेरेडिथ व्हिटेकर तिच्या अध्यक्ष आहेत. जाहिराती नाहीत, संदेश पाठवायला वर्गणी नाही, अ‍ॅपचा स्रोतसंकेत (सोर्स कोड) कोणालाही वाचता येतो.

खरी वस्तू आहे ती त्याच्या पोटातली पद्धत. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे फक्त दोन टोकांच्या फोनांवरच उघडेल अशी कूटबद्धता, हा शब्द आता जाहिरातींनी इतका गुळगुळीत केला आहे की त्यातून काहीच कळत नाही, म्हणून थोडे खोलात जाणे भाग आहे. दोन माणसे एकाच वेळी ऑनलाइन असतील तर त्यांना आपसांत गुप्त किल्ली, म्हणजे संदेशाचे कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, ठरवणे फारसे अवघड नसते. अडचण येते ती समोरच्याचा फोन बंद असताना. सिग्नलने यावर असा उपाय काढला की प्रत्येक फोन आपल्या काही सार्वजनिक, म्हणजे कोणी पाहिल्या तरी चालतील अशा किल्ल्या आगाऊच सर्व्हरवर ठेवून देतो. पाठवणारा त्यांतली एक उचलतो, आपल्या किल्लीशी तिचे गणित जुळवतो आणि समोरच्याचा फोन झोपेत असतानाच कुलूपबंद संदेश रवाना करतो. फोन जागा झाला की तेच गणित उलट्या बाजूने करून तो संदेश उघडतो. त्यांच्या जोडीच्या खासगी किल्ल्या फोन सोडून कधीच बाहेर जात नाहीत, त्यामुळे मधल्या सर्व्हरच्या हाती जे लागते ते निरर्थक आकड्यांचे भेंडोळे असते.

यानंतरची कल्पना अधिक देखणी आहे. ट्रेव्हर पेरिन आणि मार्लिनस्पाइक यांनी २०१३ मध्ये जी पद्धत मांडली तिला आज डबल रॅचेट म्हणतात. सायकलच्या मागच्या चाकातले फ्रीव्हील जसे एकाच दिशेने पकड घेते, तशी येथे किल्ली प्रत्येक संदेशागणिक पुढे सरकते आणि मागे फिरवता येत नाही. आज कोणी फोनमधली चालू किल्ली चोरली तरी कालचे संदेश तिने उघडत नाहीत. शिवाय उत्तर-प्रत्युत्तर होताना दोन्ही फोन मधूनमधून ताजी किल्ली कालवतात, त्यामुळे चोराने एकदा डल्ला मारला तरी संभाषण पुढे चालू राहिल्यावर तो आपोआप बाहेर फेकला जातो. काही संदेश वाटेत मागेपुढे झाले किंवा एखादा हरवला, तरी बाकीचे उघडण्याची सोय याच रचनेत आहे, आणि आपल्याकडच्या तुटक मोबाइल नेटवर्कवर ही सोय किती उपयोगी आहे ते एसटीने घाट उतरताना कळते. २०१६ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातील विद्यापीठांच्या संशोधकांनी या पद्धतीची औपचारिक गणिती तपासणी केली आणि तिच्या रचनेत मोठा दोष त्यांना आढळला नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅपने हीच पद्धत आपल्या शंभर कोटींहून अधिक वापरकर्त्यांसाठी लागू केली. थोडक्यात, सिग्नलचे नाव न ऐकलेला मराठी माणूससुद्धा रोज सकाळी ‘सुप्रभात’चे चित्र सिग्नलच्याच गणितात गुंडाळून पाठवत असतो.

हे काम तेथेच थांबलेले नाही, ही गोष्ट मला या संस्थेच्या बाजूने फार मोलाची वाटते. भविष्यात पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाला तर आजची किल्ली ठरवण्याची गणिते मोडता येतील, आणि म्हणून आजच कुलूपबंद संदेश साठवून ठेवून पुढे उघडू पाहणारा शत्रू कल्पनेतला राहिलेला नाही. सिग्नलने सप्टेंबर २०२३ मध्ये पहिल्या किल्लीच्या वाटाघाटीत क्वांटमरोधक गणिताची भर घातली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तीच भर पुढच्या, संदेशागणिक बदलणाऱ्या किल्ल्यांपर्यंत नेण्याची घोषणा केली. वापरणाऱ्याला यासाठी एकही बटण दाबावे लागत नाही. वीस वर्षांनी कोणी काय उघडेल याची फिकीर फुकटच्या अ‍ॅपमध्ये कोणीतरी वाहते आहे, हे दुर्मिळ आहे.

दुसरा शत्रू म्हणजे सोंग घेणारा. समजा सर्व्हरच लबाड निघाला आणि त्याने समोरच्या माणसाच्या किल्लीऐवजी स्वतःची किल्ली तुमच्या हाती दिली, तर संदेश कुलूपबंदच जाईल, पण कुलूप चुकीच्या माणसाचे असेल. हे ओळखण्यासाठी प्रत्येक संभाषणाला एक सुरक्षा क्रमांक असतो: साठ आकडे, पाच-पाचांच्या बारा गटांत. दोन्ही फोनवर ते सारखे दिसले तर मध्ये कोणी नाही. भेट झाल्यावर एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन केला की काम होते. भेट शक्य नसेल तर दुसऱ्या मार्गाने, म्हणजे आवाज ओळखता येईल अशा साध्या फोनवर, आकडे वाचून दाखवावेत. समोरच्याने फोन बदलला किंवा अ‍ॅप पुन्हा टाकले की हा क्रमांक बदलतो आणि संभाषणात तशी एक ओळ उमटते.

माझी पहिली तक्रार येथे आहे. ही ओळ इतकी सौम्य आहे की ती कोणी वाचत नाही. शंभरातल्या बहुतेक वेळा समोरच्याने खरोखरच नवा फोन घेतलेला असतो, म्हणून अ‍ॅप आरडाओरडा करत नाही, हे समजण्याजोगे आहे. पण ज्या एका वेळेसाठी ही सगळी यंत्रणा उभी केली, त्या वेळीही तीच सौम्य ओळ दिसणार. एकदा क्रमांक पडताळून तशी खूण केली असेल, तर बदलानंतर ती खूण निघून जाते आणि पुढचा संदेश पाठवण्यापूर्वी अ‍ॅप विचारते. म्हणजे जो कष्ट घेतो त्यालाच संरक्षण मिळते. पत्रकार आणि त्याचा माहितगार, वकील आणि अशील, कंपनीचे दोन भागीदार अशा जोड्यांनी ही पडताळणी न करता सिग्नल वापरणे म्हणजे अर्धेच सिग्नल वापरणे होय. घरच्या ग्रुपसाठी ती नाही केली तरी आभाळ कोसळत नाही.

मजकुराइतकीच संवेदनशील असते ती मजकुराभोवतीची माहिती: कोण, कोणाशी, कधी, किती वेळा बोलले. रात्री अकरा वाजता एका पत्रकाराने मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याला सात संदेश पाठवले, एवढे कळले तरी त्या अधिकाऱ्याची बदली व्हायला पुरेसे असते. मजकूर वाचायची गरजच पडत नाही. या बाबतीत सिग्नल आणि व्हॉट्सअ‍ॅप यांचे गणित सारखे असूनही दोघांत मोठा फरक आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या एका न्यायालयीन चौकशीत सिग्नलकडे माहिती मागण्यात आली, तेव्हा त्यांना देता आल्या त्या दोनच गोष्टी: खाते कधी उघडले आणि ते सर्व्हरला शेवटचे कोणत्या तारखेला जोडले गेले. संपर्कयादी, ग्रुपची नावे, सदस्य, कोणाला लिहिले याची नोंद, यांतले काही सर्व्हरवर वाचता येईल अशा रूपात नव्हतेच, म्हणून देता आले नाही. २०१८ पासून पाकिटावरचे पाठवणाऱ्याचे नावही झाकले जाते, म्हणजे सर्व्हरला फक्त कोणाकडे पोहोचवायचे तेवढे दिसते. हा पडदा परिपूर्ण नाही. पोचपावत्यांच्या वेळांवरून कोण कोणाशी बोलते याचा संख्याशास्त्रीय अंदाज बांधता येतो, हे संशोधकांनी दाखवले आहे, आणि इंटरनेट जोडणीचा पत्ताही सर्व्हरपासून लपत नाही. तरीही ‘आम्ही माहिती देणार नाही’ असे वचन आणि ‘आमच्याकडे माहितीच नाही’ अशी रचना यांत मी नेहमी दुसरी निवडेन.

आता पोहोचण्याकडे वळू. सिग्नलवर संदेशाखाली एक टिक म्हणजे तो सर्व्हरपर्यंत गेला, दोन टिक म्हणजे समोरच्या फोनवर उतरला, आणि टिक भरीव झाल्या म्हणजे वाचला गेला, अर्थात दोघांनी तशी पावती चालू ठेवली असेल तर. ही पोचपावतीसुद्धा समोरच्या फोनकडून कुलूपबंद होऊन येते, त्यामुळे मधल्या शत्रूला खोटी दुसरी टिक उमटवता येत नाही. पण एकच टिक राहिली तर त्यामागचे कारण अ‍ॅप सांगू शकत नाही. समोरच्याचा फोन बंद आहे, रेंज नाही, अ‍ॅप काढून टाकले आहे, की वाटेत कोणी संदेश दाबून ठेवला आहे, या चारही अवस्था पाठवणाऱ्याला सारख्याच दिसतात. वायर कापणाऱ्याला कोणतेही गणित रोखत नाही. फार तर वायर कापली गेल्याचे ते लपू देत नाही, आणि सिग्नल तेवढेच करते.

शत्रू नसतानाही हा भरवसा डळमळतो, त्याची कारणे साधी आहेत. अनेक कंपन्यांचे स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चालणारी अ‍ॅप बंद करतात. व्हॉट्सअ‍ॅपला या कंपन्यांनी बहुधा आधीच सूट दिलेली असते, सिग्नलला नसते, त्यामुळे दुपारचा संदेश संध्याकाळी अ‍ॅप उघडल्यावर धाडकन येतो. यावर उपाय आहे: फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिग्नलवरचे बॅटरीचे निर्बंध हटवावेत आणि ‘ऑटो-स्टार्ट’ची परवानगी द्यावी. पण हे आईवडिलांच्या फोनवर आपण बसून करून द्यावे लागते, त्यांना फोनवरून समजावता येत नाही. या बाबतीत अ‍ॅपने वापरकर्त्याला अधिक ठळक सूचना द्यायला हवी होती.

दुसरे कारण असे की सगळे संदेश एकाच संस्थेच्या यंत्रणेतून जातात. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून गदारोळ उठला, लोक लाखोंनी सिग्नलकडे धावले आणि १५ तारखेला सिग्नलच बंद पडले. सुरळीत व्हायला सुमारे एक दिवस लागला. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेत अमेरिकेतल्या व्हर्जिनियात बिघाड झाला, तेव्हाही सिग्नल कोलमडले. कोणावरही विश्वास ठेवू नये या तत्त्वावर उभारलेले अ‍ॅप शेवटी एका बड्या कंपनीच्या यंत्रांवर उभे आहे, हे त्या दिवशी अनेकांना प्रथमच कळले. गुप्ततेला त्याने बाधा आली नाही, कारण त्या यंत्रांना संदेश वाचताच येत नाहीत. पण बंद यंत्रातून वाचता न येणारा संदेशही पुढे जात नाही. ई-मेलसारखी अनेक सर्व्हरांची, परस्परांना जोडलेली रचना केली असती तर हा धोका कमी झाला असता. मार्लिनस्पाइक यांचा त्याला जुना आणि ठाम विरोध होता: अशा विखुरलेल्या रचनेत सुधारणा सर्वांना एकाच वेळी लागू करता येत नाहीत. क्वांटमरोधक बदल ज्या सहजतेने कोट्यवधी फोनांवर गेले ते पाहता त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ऑक्टोबरचा तो सोमवार पाहता त्याची किंमतही उघड आहे.

जाणूनबुजून अडवणाऱ्या शत्रूचा अनुभव सिग्नलला भरपूर आहे. डिसेंबर २०१६ मध्ये इजिप्त आणि संयुक्त अरब अमिरातीत ते अडवले जात असल्याचे दिसले, तेव्हा सिग्नलने आपली वाहतूक गुगलच्या वाहतुकीच्या आड लपवली. अडवायचे तर गुगलच अडवावे लागावे, असा तो डाव होता. २०१८ मध्ये गुगल आणि अ‍ॅमेझॉन या दोघांनीही ही पळवाट बुजवली. इराणने २०२१ च्या सुरुवातीला बंदी घातल्यावर सिग्नलने कोणीही स्वतःच्या संगणकावर चालवू शकेल असा प्रॉक्सी, म्हणजे बंदी चुकवून संदेश पुढे पोहोचवणारा मधला सर्व्हर, तयार केला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी तो चालवला. ऑगस्ट २०२४ मध्ये रशिया आणि व्हेनेझुएला यांनीही बंदी घातली. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता टाकण्याची जागा आहे, आणि बंदीच्या देशात जाणाऱ्याने ती निघण्यापूर्वीच शोधून ठेवावी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आखातात गेलेल्यांच्या घरच्यांसाठी वेगळी सूचना: अमिरातीत इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलवर जुने निर्बंध आहेत, म्हणून दुबईतल्या मुलाशी सिग्नलवर कॉल लागेलच असे धरून चालू नये.

आणि इंटरनेटच बंद झाले तर? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात दंगलीनंतर मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले होते, आणि त्याच वर्षी मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात मराठवाड्यातही ती वेळ आली. अशा वेळी सिग्नल म्हणजे फोनवरचे एक निळे चित्र. ते पूर्वी अँड्रॉइडवर एसएमएसही पाठवू शकत असे, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सोय काढून टाकण्याचे त्यांनी जाहीर केले. एसएमएस उघडा जातो आणि वापरणाऱ्याला तो सुरक्षित असल्याचा भ्रम होतो, हे त्यांचे कारण योग्यच होते. तरीही अडीअडचणीला एकाच अ‍ॅपमधून दोन्ही वाटा असणे हे कित्येकांना सिग्नल वापरायला लावणारे मुख्य कारण होते, आणि त्या निर्णयानंतर ते लोक व्हॉट्सअ‍ॅपकडे परत गेले.

सर्वांत कच्चा दुवा कोणता असे विचारले तर मी मोबाइल नंबरकडे बोट दाखवीन. खाते उघडायला नंबर लागतो, नंबरवर ओटीपी येतो, आणि ओटीपी ज्या एसएमएस व्यवस्थेतून येतो तिच्यावर विश्वास ठेवू नये म्हणून तर हे अ‍ॅप घ्यायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये सिग्नलसाठी ओटीपी पाठवणाऱ्या ट्विलिओ कंपनीत घुसखोरी झाली आणि सुमारे १,९०० नंबर धोक्यात आले. जुने संदेश हल्लेखोरांना मिळाले नाहीत, पण काही खाती दुसऱ्या फोनवर उघडणे त्यांना शक्य होते. आपल्याकडे सिम स्वॅपची, म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचे सिम परस्पर काढून घेण्याची, फसवणूक करणारे सराईत आहेत. म्हणून अ‍ॅप घेतल्याबरोबर पिन ठरवावा आणि ‘रजिस्ट्रेशन लॉक’ चालू करावे, म्हणजे नुसत्या ओटीपीवर तुमचे खाते दुसरीकडे उघडत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून युजरनेम घेऊन आपला नंबर इतरांपासून लपवता येतो. सोसायटीच्या ग्रुपमध्ये किंवा अनोळखी ग्राहकाशी बोलताना, विशेषतः स्त्रियांना, ही सोय फार कामाची आहे. मात्र नोंदणीला नंबर लागतोच, आणि भारतात नंबर म्हणजे कागदपत्रांनिशी नोंदलेली ओळख.

रोजच्या वापराबद्दल तक्रारीला फार जागा नाही. अ‍ॅप मराठीतही वापरता येते. कॉलचा आवाज चांगला आहे. संदेश ठरावीक काळाने, जास्तीत जास्त चार आठवड्यांनी, आपोआप पुसले जाण्याची सोय आहे आणि ती सर्व नव्या संभाषणांना एकदमच लावता येते. बॅकअपची बाजू वर्षानुवर्षे लंगडी होती. आयफोन हरवला की सगळा इतिहास गेला, असा शिरस्ता होता. सप्टेंबर २०२५ मध्ये अँड्रॉइडच्या बीटा (चाचणीच्या) आवृत्तीपासून नवा कुलूपबंद बॅकअप सुरू झाला, त्यात मजकूर आणि शेवटच्या ४५ दिवसांची चित्रे फुकट ठेवता येतात, त्याहून जास्त हवे असल्यास महिन्याला १.९९ डॉलर. त्याची ६४ अक्षरांची किल्ली मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवावी, कारण ती हरवली तर सिग्नलही ती परत देऊ शकत नाही. येथेही तेच तत्त्व आहे आणि त्याची झळही आपल्यालाच सोसायची आहे.

पैशांचा हिशेब नोव्हेंबर २०२३ मध्ये संस्थेने स्वतःच मांडला: यंत्रणेवर वर्षाला सुमारे १.४ कोटी डॉलर, त्यांतले ६० लाख केवळ नोंदणीच्या एसएमएससाठी, आणि २०२५ पर्यंत एकूण खर्च वर्षाला ५ कोटींच्या घरात जाईल असा अंदाज. हे सारे देणग्यांवर चालते. फुकट वस्तूचा गिऱ्हाईक हाच माल असतो, हा आपला रास्त संशय येथे लागू पडत नाही, पण देणग्या आटल्या तर काय, हा संशय लागू पडतो.

वाटेवरच्या शत्रूची एवढी बडदास्त ठेवल्यावर उरतो तो टोकांवरचा. २०१९ मध्ये पेगॅसस या हेरगिरी प्रणालीने व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधील त्रुटीतून सुमारे १,४०० फोनांत शिरकाव केला; भारतातल्या लक्ष्यांत भीमा कोरेगाव प्रकरणाशी संबंधित वकील आणि कार्यकर्तेही होते. कूटबद्धतेचे गणित कोणी मोडले नव्हते. फोनच ताब्यात आल्यावर पडद्यावरचे सगळे आयतेच दिसते, आणि सिग्नल असते तरी तेच झाले असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुगलच्या सुरक्षा पथकाने आणखी सोपी युक्ती उघड केली: रशियाशी संबंधित गट युक्रेनी सैनिकांना ग्रुपच्या आमंत्रणाचा म्हणून क्यूआर कोड पाठवत आणि तो स्कॅन करताच हल्लेखोराचा संगणक त्यांच्या खात्याला जोडला जाई. सेटिंगमधली जोडलेल्या उपकरणांची यादी अधूनमधून पाहणे हा त्यावर उपाय. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या हातून येमेनवरील हल्ल्याची चर्चा चाललेल्या सिग्नल ग्रुपमध्ये ‘द अटलांटिक’ या अमेरिकी मासिकाचे संपादक जोडले गेले, तेव्हा अ‍ॅपने आपले काम चोख केले होते, प्रत्येक संदेश त्या संपादकांपर्यंतही सुरक्षित पोहोचला. पुढे त्याच सल्लागारांच्या फोनवर टेलिमेसेज या कंपनीने फेरफार केलेली, संदेशांची नोंद साठवणारी सिग्नलची प्रतिकृती दिसली आणि मे महिन्यात त्या कंपनीतच घुसखोरी झाली. तात्पर्य न काढता एवढेच सांगतो की सिग्नल प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअर किंवा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे.

पर्यायांत टेलिग्राम हे सुरक्षित अ‍ॅप आहे हा समज आधी काढून टाकायला हवा. त्याची साधी संभाषणे आणि सर्व ग्रुप एंड-टू-एंड कूटबद्ध नसतात. तशी सोय फक्त दोघांमधल्या ‘सीक्रेट चॅट’मध्ये आहे आणि ती दर वेळी स्वतः निवडावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर सिग्नलइतकाच कुलूपबंद असतो, पण कोण कोणाशी बोलते याची माहिती त्याच्या मालक मेटा (पूर्वीची फेसबुक) या जाहिरात कंपनीच्या हाती राहते, आणि बॅकअपची कूटबद्धता आपण स्वतः चालू केल्याखेरीज लागू होत नाही. तिसऱ्या शत्रूविरुद्ध, म्हणजे वाट अडवणाऱ्याविरुद्ध, सिग्नलपेक्षा सरस असलेले अ‍ॅप म्हणजे ब्रायर. त्याला मधला सर्व्हरच नाही. इंटरनेट असेल तर टॉरमधून, म्हणजे कोण कोणाशी जोडला आहे हे लपवणाऱ्या जाळ्यातून, आणि नसेल तर जवळच्या फोनांशी ब्लूटूथ किंवा वायफायवरून ते बोलते. पण ते आयफोनवर नाही, चित्रे आणि कॉल यांच्या बाबतीत तोकडे आहे, आणि मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधील दहशतवाद्यांच्या वापराचे कारण देऊन जी १४ अ‍ॅप अडवली त्यांत एलिमेंट आणि थ्रीमा यांच्यासह ब्रायरही होते. सिग्नल त्या यादीत नव्हते.

त्याचे पुढे काय होईल, हे मात्र गणितावर अवलंबून नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेला न्यायालयाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने सांगितल्यास संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून द्यावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि कूटबद्धता मोडायला लावली तर आम्ही भारतातून जाऊ, असे त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये तेथे सांगितले. ज्या सेवेला पाठवणाऱ्याचे नावच दिसू नये अशी रचना आहे, तिच्याकडून हा नियम पाळून घेणे म्हणजे ती सेवा मोडणे. म्हणून ज्यांचे काम खरोखर गोपनीय संपर्कावर चालते, त्यांनी सिग्नल मुख्य साधन म्हणून जरूर ठेवावे, सुरक्षा क्रमांक समक्ष पडताळावेत, आणि अँड्रॉइड असेल व बंदी आड येत नसेल तर ब्रायर आजच उतरवून, भेटीत एकमेकांना जोडून ठेवावे, कारण इंटरनेट बंद झाल्यावर ते उतरवता येणार नाही.